खदानीतलं पाणी

धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रावर नर्स म्हणून मी रुजू झाले. चार्ज घेताना जे सामान हातात आलं त्यात वजनकाटा होता, बीपीचं मशीन होतं, दोन खुर्च्या, औषधांचं कपाट आणि एक लांब दांड्याची पांढरी पळी. आमटीच्या पळीपेक्षा मोठी, वाटीसारखी खोल. मला वाटलं, कुणाच्या घरच्या कार्यातली चुकून इथे राहिली असेल. मी ती यादीतून बाजूला ठेवायला लागले तर दारातून आवाज आला, "राहू द्या जी, बाई. ते माझी होय."

उपकेंद्रात माझ्याबरोबर काम करणारे ते पुरुष कर्मचारी. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, पायात रबरी चप्पल, खांद्यावर कापडी पिशवी. गावातले लोक त्यांना मलेरियाभाऊ म्हणायचे. मी नुसतं भाऊ म्हणायला लागले. त्यांनी पळी उचलली, शर्टाच्या टोकानं पुसली आणि म्हणाले, "पानी पाह्याची पळी होय. डासाची अळी पाह्यासाठी. तुमी दवाखाना पाहा, मी पानी पाहातो. पन एकदा या माझ्यासंगं. नाई पाह्यलं तर कागदावर सही कशी करान?"

म्हणून गेले. त्याच दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला. हातपंपाजवळच्या डबक्यात त्यांनी पळी तिरकी करून अलगद बुडवली आणि माझ्यासमोर धरली. पांढऱ्या पळीत गढूळ पाणी आणि त्यात चारदोन वळवळणारे केस.

"पाहा. हे डोकं खाली करून लटकून आहे ना, ते साधा डास. पान्यावर आडवी झोपून दिसली तर समजा मलेरियावाली. आज आडवी नाई."

"आणि हे काय?" मी विचारलं. पळीच्या तळाशी करड्या रंगाचं काहीतरी पाय पसरून बसलं होतं.

"हे चतुराचं पोर. पंख फुटाचे आहेत अजून. पाहा आता."

आम्ही पाहत राहिलो. त्या करड्या किड्याच्या तोंडाखालून एक हातासारखं काहीतरी झटकन पुढे आलं आणि एक अळी नाहीशी झाली. इतक्या पटकन, की मी डोळे चोळले. भाऊ हसले. "आपल्यापेक्षा हा जास्त काम करते. पगार नाई, टीए-डीए नाई."

मी गडचांदूरची. वडील सिमेंटच्या कारखान्यात होते आणि आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. आमच्या अंगणातल्या कडुनिंबाचं पान बोटानं पुसल्याशिवाय हिरवं दिसायचं नाही. आई रोज सकाळी तुळस धुवायची. किडा म्हणजे झुरळ, मुंगी; पाल बघितली की किंचाळायचं, एवढंच माझं ज्ञान. नर्सिंगच्या अभ्यासात डासाच्या आयुष्याचं चित्र काढलं होतं, चार रंगांत, आणि त्याला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. पण जिवंत अळी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. चोवीस वर्षांची होते.

मग ते रोजचं झालं. सकाळी ओपीडी, गरोदर बायांची तपासणी, लसीकरण, मलेरिया तपासायला रक्ताच्या काचा. दुपारी जेवून थोडं लिखाणकाम. आणि चार वाजले की भाऊ पिशवी खांद्याला लावून दारात उभे. "चालता का जी?" सुरुवातीला मी कामाचा भाग म्हणून जायचे. दोन-तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की तीन वाजल्यापासूनच मी घड्याळाकडे बघते आहे.

आमची फेरी ठरलेली होती. आधी हातपंप, मग गावाच्या मागची बोडी. बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी द्यायला केलेला लहानसा तलाव. तिथे मासे धरणाऱ्या बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून जाळी ओढायच्या. तिथून बांधीच्या पाळीवरून सागाच्या झाडांपर्यंत, आणि शेवटी मुरमाची खदान. खदान हे नाव मोठं, जागा लहान. कधीतरी रस्ता करताना मुरूम काढलेला खड्डा, आमच्या उपकेंद्राच्या दोन खोल्या मावतील एवढा. पावसाळ्यात भरायचा आणि संक्रांतीपर्यंत पाणी धरायचा. मासे त्यात नव्हते. भाऊ म्हणायचे, "मासे नाई म्हनूनच गंमत आहे. मासोळी आली की सगळं खाऊन साफ."

त्या खदानीच्या काठावर मी जेवढी उकिडवी बसले तेवढी कुठेच बसले नाही. भाऊंची पद्धत साधी. आधी पाच मिनिटं काही करायचं नाही. नुसतं बसायचं. आपण आलो म्हणून गप्प झालेलं पाणी परत हलायला लागेपर्यंत. मग एकेक दिसायला लागायचं. पाठीवर पोहणारे, दोन पाय वल्ह्यासारखे मारणारे किडे. काडीसारखा लांब पाणविंचू, शेपटीचं टोक पाण्याबाहेर काढून श्वास घेणारा. बेडकाची पिल्लं तर किती तऱ्हेची. एक जात अशी की पिल्लू काचेसारखं, आतलं आतडं गोल गुंडाळलेलं स्पष्ट दिसायचं. मी म्हटलं, "भाऊ, याचा एक्स-रे काढायची गरज नाही." त्यांना ते इतकं आवडलं की पुढे ते त्या पिल्लाला 'एक्सरेवाला'च म्हणत.

त्यांच्याकडे सगळ्यांची अशीच नावं होती. शास्त्रातली नावं त्यांना ठाऊक नव्हती, आणि मलाही नव्हती. फवारणीच्या जुन्या रजिस्टरची मागची कोरी पानं शिवून त्यांनी एक वही केली होती. त्यात पेन्सिलीनं काढलेली चित्रं. चित्रं सुबक नव्हती, पण पाय मोजून काढलेले असायचे. खाली लिहिलेलं, कुठे दिसला, काय खात होता, पाऊस होता की ऊन. स्पेलिंगच्या चुका मी दुरुस्त करू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "किड्याले काय समजते जी ऱ्हस्व-दीर्घ?"

त्या वहीतला त्यांचा सगळ्यात लाडका 'लेकुरवाळा'. चपटा, तपकिरी, करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा पाणकिडा. एक दिवस त्यांनी तो पळीत घेऊन दाखवला तर त्याच्या पाठीवर पांढरट अंडी ओळीनं चिकटवलेली, जणू कुणी शाबूदाणा लावून ठेवला आहे.

"आई आहे का ही?"

"नाई. बाप होय." भाऊ असं म्हणाले की जणू स्वतःच्या नात्यातली गोष्ट सांगत आहेत. "मादी त्याच्या पाठीवर अंडी टाकते आन् चालली जाते. हा फिरत राह्यते घेऊन. घडीघडी वर येते, अंड्याले हवा दाखवते. पोरं निघेपर्यंत उडू नाई शकत, का काई नाई."

भाऊंची बायको लवकर गेली होती आणि दोन मुली त्यांनीच वाढवल्या होत्या, हे मला गावातल्या आशाताईंनी नंतर सांगितलं. भाऊ त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

स्वतःबद्दल एकच गोष्ट ते आनंदानं सांगायचे. आरमोरीकडे त्यांचं गाव. घरी तलावातली मासेमारी आणि ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळायचं काम. टसरचं रेशीम निघतं ना, त्या अळ्या. लहानपणी त्यांना झाडाखाली गुलेल घेऊन बसवायचे, पाखरांपासून अळ्या राखायला. "सकाळपासून सांजपर्यंत वर पाहून राह्याचं. हिरव्या पानात हिरवी अळी. पाह्याची सवय तिथी लागली. मंग नोकरी लागली डास माराची. पन पाह्याचं काई सुटलं नाई."

आणि मारायचं कामही ते मनापासून करायचे, हे सांगायला हवं. वर्षातून दोनदा घरोघरी फवारणी असायची. भिंतींवर पांढरे डाग पडतात, वास येतो, म्हणून लोक नाही म्हणायचे. एक आजीबाई दार अडवून म्हणाली, "तुमच्या दवाईनं कोळी मरते, ढेकनं तशेच राह्यते." भाऊंनी तिच्याशी वाद घातला नाही. आत जाऊन छपराच्या कवेलूखालचा एक मोठा चपटा कोळी, पोटाशी अंड्यांची पांढरी टिकली धरून बसलेला, एका चहाच्या डब्यात झाकून घेतला, मागच्या कुडाच्या पलीकडे सोडून आले आणि मग आजीबाईला म्हणाले, "आता करू का फवारनी? तुझा कोळी बाहीर आहे." आजी हसली आणि बाजूला झाली.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात जे झालं ते मी आजपर्यंत फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

पोळा झाला होता, गणपती बसायचे होते. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, संपून बांध्या हिरव्यागार. खदानीच्या टोकाला जे घर होतं त्यातली सात वर्षांची मुलगी तापली. किट केलं तर मलेरिया, आणि तोही घातक जातीचा. तिला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घरातला तिचा चुलतभाऊ तापला, तोही तसाच; त्यालाही पाठवलं. गाव घाबरलं. मी त्याहून जास्त घाबरले. मुलीला गाडीत चढवताना तिचे डोळे फिरल्यासारखे झाले होते आणि तिच्या आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडीचे वळ उठले होते.

उपकेंद्रापुढे दहा-बाराजण जमले. त्यातला एकजण म्हणाला, "त्या खड्ड्यात पानी साचून आहे, घराले लागून. तिथूनच डास येऊन राह्यले. तुमी दोघं रोज तिथी जाऊन बसता, काई करत काऊन नाई?"

खरंच होतं की आम्ही रोज तिथे जाऊन बसत होतो. मी भाऊंकडे वळले. "भाऊ, आज खदानीत ऑइल टाकायचं."

डबक्यावर जळकं ऑइल टाकण्याची पद्धत जुनी. पाण्यावर तवंग येतो, अळीला श्वास घेता येत नाही.

भाऊ हळू आवाजात म्हणाले, "बाई, परवाच पाह्यलो मी तिथी. वीस पळ्या काढल्या. एकही अळी नाई. खाऊन टाकते तिथले किडे. डास दुसरीकडून येऊन राह्यले. मले दोन दिवस द्या, मी शोधून काढतो."

"दोन दिवसांत आणखी चार लेकरं पडली तर?"

"तसं नाई जी..."

"तुम्हाला लेकरं वाचवायची आहेत का बेडकं?"

हे मी सगळ्यांसमोर म्हटलं. म्हटल्याबरोबर मला कळलं की हे मी म्हणायला नको होतं, पण शब्द तोंडातून गेले होते आणि लोक माझ्याकडे मान हलवून बघत होते. भाऊंचा चेहरा बदलला नाही. ते आत गेले, ऑइलची कॅन घेऊन बाहेर आले. मी कॅनला हात लावला तर म्हणाले, "राहू द्या. तुमच्या हाताले वास येईल. तुमाले बाळंतीण पाह्याची आहे दुपारी."

आणि त्यांनीच टाकलं. खदानीच्या कडेनं गोल फिरत, एका हातानं कॅन वाकडी करून, दुसऱ्या हातानं काठीनं पाणी ढवळत. मी काठावर उभी होते. काळं, इंद्रधनुष्यासारखं चमकणारं ऑइल पसरत गेलं. लोक समाधानानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच तिथे गेले. वाऱ्यानं तवंग एका बाजूला ढकलला होता आणि त्या काठाला सगळं जमा झालं होतं. पाठीवर पोहणारे किडे शेकड्यानं, सगळे थिजलेले. एक्सरेवाली पिल्लं आता पारदर्शक नव्हती. एक बेडूक दगडावर चढायचा प्रयत्न करत होता आणि घसरून परत पडत होता. त्याला मी ओढणीच्या टोकानं धरून बाजूच्या गवतात ठेवलं. तो तिथेच बसून राहिला. आणि लेकुरवाळे. ते तर वर यायचेच, अंड्यांना हवा दाखवायला. सहा-सात मोजले मी. एकाच्या पाठीवरची अंडी काळी झाली होती.

मी रडले की नाही ते आता आठवत नाही. आठवतो तो वास. रिक्षा दुरुस्तीच्या दुकानातला वास, त्या गवतात, त्या झाडांत.

भाऊ त्या सकाळी उपकेंद्रावर आले नाहीत. पहाटेच नाल्याच्या अंगानं गेले, असं आशाताई म्हणाल्या. दुपारी परतले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. हातात पळी आणि एक बाटली. बाटली टेबलावर ठेवून बाहेर हात धुवायला गेले. मी बाटली उजेडात धरली. पाण्याच्या वरच्या थराला पंधरा-वीस अळ्या, सगळ्या आडव्या.

"कुठे?"

"नाल्यावर. बाया कपडे धुते त्याच्या खाली. ढोरं पानी प्याले उतरते, त्याहीच्या खुराचे खड्डे भरून आहेत. निवळशंख पानी. त्या दोन्ही घराची ढोरं तिथूनच जाते, आन् लेकरं सांजेले त्याहीच्या मांगं."

त्याच दुपारी आम्ही सात-आठ माणसं घेऊन नाल्यावर गेलो, खुरांचे खड्डे बुजवले, काठ मोकळा केला, ढोरांची वाट वरच्या अंगाला वळवली. गावातल्या सगळ्यांच्या रक्ताच्या काचा घेतल्या. आणखी तिघे निघाले, सौम्य होते, गोळ्यांनी बरे झाले. ती मुलगी आणि तिचा भाऊ आठ दिवसांनी घरी आले. मुलगी वाळून काडी झाली होती, पण गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं भाजी कोणती केली म्हणून विचारलं, आणि तिची आई तोंडावर पदर घेऊन हसता हसता रडायला लागली.

भाऊंशी बोलायला मला तीन दिवस लागले. ते रोज येत होते, काम करत होते, पण चार वाजता दारात उभे राहत नव्हते. चौथ्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेले. ते बाकावर बसून काचांना नंबर टाकत होते.

"भाऊ, चुकलं माझं. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी..."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "लेकरू तापलं होतं जी. तुमच्या जागी मी असतो तर मीही भेलो असतो."

"पण तुम्ही सांगत होता."

"सांगत होतो. पन अळी नाई हे मले मालूम होतं, कुठी आहे हे कुठी मालूम होतं?" मग, वर न बघता, "बेंडकाचं बोलल्या ते मातर लागलं मले."

त्यांनी पेन उचललं, दोन नंबर टाकले, आणि म्हणाले, "तनीस मिळेल का कुठी? दोन भारे."

तनीस म्हणजे धानाचं वाळलं गवत. मला वाटलं, गायीसाठी हवं असेल. पण ते खदानीसाठी होतं. आम्ही दोघांनी आणि आशाताईंनी गेल्या वर्षीची तनीस पाण्यावर पसरली, ती ऑइल पिऊन काळी झाली की काठीनं ओढून काढायची, नवी टाकायची. दोन दुपारी हेच चाललं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. ज्यानं त्या दिवशी मला 'काई करत काऊन नाई' विचारलं होतं, तोही थांबला. "आता हे काय जी? टाकलं तुमीच, काढून राह्यले तुमीच?" मी म्हटलं, "हो. माझी चूक होती." तो सायकल झाडाला टेकवून खाली उतरला आणि आमच्याबरोबर तनीस ओढायला लागला. काळ्या पेंढ्या दूर पडीक जागेत नेऊन जाळल्या.

पुढे जे घडलं ते मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नव्हतं. परत पाऊस झाला, खदान वाहून स्वच्छ झाली, पाणी निवळलं. आणि पंधरा दिवसांत त्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या. भरपूर. खाणारं कुणी उरलंच नव्हतं. जिथे वीस पळ्यांत एक अळी नव्हती तिथे आता एका पळीत दहा. भाऊंनी पळी माझ्यासमोर धरली.

म्हणून आम्ही बोडीवर गेलो. जाळी ओढणाऱ्या बायांना भाऊंनी सांगितलं, "मासोळी तुमची, किडे आमचे." बाया एकमेकींकडे बघून खूप हसल्या. जाळ्यात येणारे पाणकिडे, चतुराची पोरं, काट्यासारखं टोचतात म्हणून त्या काठावर झटकून टाकायच्या. आता त्या ते बादलीत टाकायला लागल्या. त्यांच्यातली एक थोराड बाई मला म्हणाली, "सिस्टरबाई, आमी सगळ्या जगाले मासे विकले, पन किडे मांगनारी तुमीच पयली." चार-पाच दिवस रोज एक बादली खदानीत जात होती. मासोळीचं एकही पिल्लू जाऊ नये म्हणून भाऊ बादलीतलं पाणी पळीनं तपासून ओतायचे. आणि पाठीवर अंडी असलेला एक किडा मी स्वतः, तळहातावर घेऊन, पाण्यात सोडला. तो चावला. चांगला चावला, बोट संध्याकाळपर्यंत ठणकत होतं. भाऊ म्हणाले, "लेकरंवाला आहे, चावनारच."

दसरा झाला, दिवाळी आली. अळ्या हळूहळू कमी झाल्या. पण बेडूक काही परत आले नाहीत. त्या वर्षी खदान शांतच राहिली. दुसऱ्या वर्षी आषाढात एका संध्याकाळी आम्ही फेरीवरून परतत होतो, ऊन उतरलं होतं, आणि खदानीच्या बाजूनं बेडूक ओरडला. एक. मग उत्तर देणारा दुसरा. भाऊ रस्त्यातच थांबले, हातानं मला थांबवलं. आम्ही तसेच उभे राहिलो, कितीतरी वेळ. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झालो.

त्यानंतर दीड वर्षानं भाऊ निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल-नारळ दिलं, साहेबांनी भाषण केलं, भाऊंना बोलायला सांगितलं तर ते उठले, हात जोडले आणि बसले. दुसऱ्या दिवशी एसटीत त्यांची पेटी मी चढवली. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "नाला पाहात जा जी. खुराचे खड्डे." पुढच्याच वर्षी माझी बदली आलापल्लीकडे झाली. तिथे सागाची झाडं इतकी, की पावसाळ्याच्या शेवटी अळ्या पानं खायला लागल्या की सगळं रान जाळीच्या कापडासारखं दिसायचं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारी कुणी नव्हतं ज्याला सांगावं, आणि तेव्हा मला त्यांची जी आठवण आली ती अजून तशीच आहे. आता तर मी चंद्रपूरला आहे. तीन मजल्यांची इमारत, खाली पार्किंग. माझा मुलगा चौथीत आहे आणि त्याला किड्यांची किळस येते. पावसाळ्यात दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटखाली जे येऊन बसतात ते मी सकाळी ड्युटीवर जाताना बघते. बरोबरच्या सिस्टर विचारतात, "काय हरवलं?"

गेल्या दसऱ्यानंतर मी आणि माझे मिस्टर नागभीडला एका लग्नाला गेलो होतो. तिथून मी हट्टानं आरमोरीकडे जायला लावलं. भाऊ आता सत्तरीकडे आलेले, धाकट्या मुलीकडे राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. मला आवाजावरून ओळखलं. चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली. मग मी मोबाइल काढला.

"भाऊ, हे पाहा. माझ्या खिडकीत होतं."

त्यांनी चष्मा काढला, मोबाइल नाकाजवळ नेला. "मुंगी होय. काळी मुंगी. हे काय दाखवता?"

"मुंगी नाही. कोळी आहे."

"मी डास-मुंग्यायतच जनम घालवलो, मले शिकवता का? कंबर पाहा, चाल पाहा. मुंगीच होय."

"पाय मोजा."

त्यांनी मोबाइल उजेडाकडे वळवला. फोटो मोठा करून दिला मी. ओठ हलवत त्यांनी एक एक पाय मोजला. सहावर थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुढचे दोन पाय त्या लबाडानं मिशांसारखे वर धरले होते. आठ झाले तेव्हा त्यांनी मांडीवर हात मारला आणि इतक्या मोठ्यानं हसले की आतून त्यांची मुलगी बाहेर आली, काय झालं म्हणून.

"फसवलं मले!" ते तिला सांगत होते. "मले! कोळी होय आन् मुंगी बनून फिरून राह्यला. बाईनं पकडलं त्याले."

मग माझ्याकडे वळून, "पन मुंगी बनून काऊन फिरत असन जी? मुंग्या खाते का मुंग्याले भेते?"

मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, खात असेल. ते म्हणाले, नाही, पाखरं मुंगीला तोंड लावत नाहीत म्हणून. मी म्हटलं, मग त्याच्या आजूबाजूला खऱ्या मुंग्या कशाला होत्या? ते म्हणाले, किती होत्या? मी मोजल्या नव्हत्या. "हे काय जी," ते म्हणाले, "पाय मोजले आन् मुंग्या नाई मोजल्या?" माझे मिस्टर दारात गाडीची किल्ली हलवत उभे होते, आणि आम्ही दोघं अजून भांडत होतो.